गुलाबाची पानं रात्री कोण खातं?

१५ मे २०२५, गुरुवार. सकाळी सव्वासहाला पाण्याचा पाइप घेऊन खाली उतरले आणि गेटजवळच्या पहिल्याच गुलाबापाशी थांबले. पानांची चाळण झाली होती. शिरा तेवढ्या शाबूत, मधला हिरवा भाग गायब. आदल्या संध्याकाळी मी त्याच झाडाची सुकलेली फुलं खुडली होती, तेव्हा दोन-चार भोकं दिसली होती. त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नव्हतं. पुढची झाडं बघत गेले तर नवव्या झाडापर्यंत तीच कथा.

आमची सोसायटी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ, चोवीस फ्लॅटची. कंपाउंडच्या भिंतीलगत साठ फुटांचा पट्टा आहे. त्यात ३१ गुलाब, मधे मधे झेंडू, टोकाला दोन जास्वंदी, कर्दळ आणि स्पायडर लिलीची रांग. एका कोपऱ्यात जुना कडुनिंब. बाग सोसायटीची, पण तीन वर्षांपासून ती मी आणि आमचे माळीदादा बघतो. दादा पेठकडचे. पाऊस लागला की भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपं तयार करायला, गावी जातात ते आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकूनच येतात. त्या वर्षी मेमध्येच पावसाने ठाण मांडलं, गावोगावी कांदा भिजला, आणि दादाही महिनाभर आधीच निघाले. त्यामुळे जे काही करायचं ते माझं मलाच करायचं होतं आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

एके काळी गुलशनाबाद म्हणवणाऱ्या या गावात गुलाबाचं काय बिनसलंय हे सांगणारं कुणी सापडायला मला बारा दिवस लागले. ते बारा दिवस कुणाचे तरी वाचावेत म्हणून हे सगळं तारीखवार लिहितेय.

पहिले दोन दिवस मी दिवसाउजेडी अळी शोधली. पानं उलटून पाहिली, कळ्या उकलल्या, देठांवरून बोट फिरवलं. एक अळी नाही, एक किडा नाही. पानावर लेंड्यासुद्धा नव्हत्या. दोन झाडांवर तर वेगळाच प्रकार होता: पानाच्या कडेला कंपासने आखावेत तसे स्वच्छ अर्धगोल कापलेले. मी सगळं एकाच खात्यात टाकलं आणि ठरवून टाकलं की अळी आहे.

१७ मेला, शनिवारी, ऑफिसातून येताना शेतीच्या औषधांच्या एका दुकानात गेले. काउंटरवर गर्दी होती. "गुलाबाला अळी पडलीय," मी म्हटलं. आज वाटतं, सगळी गडबड या एका वाक्याने केली. दुकानात जाऊन आपणच रोगाचं नाव सांगितलं की समोरचा त्या नावाचं औषध देतो. त्यांनी एका मोठ्या डब्यातून रिकाम्या पाण्याच्या बाटलीत थोडं औषध ओतलं, एक पांढरी पावडर पुडीत बांधली, "दोन्ही एकत्र मारा, आठ दिवसांत झाड पालवेल" म्हणाले आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलं: औषध, ४८० रुपये. बाटलीवर लेबल नव्हतं. ते कोणतं औषध होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. कीटकनाशक असं सुटं घेऊ नका. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यानुसार लेबलशिवाय ते विकताच येत नाही. लेबलवर एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत सौम्य हिरवा. घराजवळच्या बागेत लाल-पिवळ्याच्या वाटेला जाऊ नये. शिवाय उद्या कुणाच्या पोटात ते गेलं तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात की काय होतं, आणि उत्तर फक्त लेबलवर असतं.

रविवारी सकाळी आठला मी फवारणी केली. त्यासाठी दोन लिटरचा हातपंप वेगळ्या दुकानातून पक्क्या बिलावर ६५० रुपयांना आणला होता. वास उग्र होता, डोळे चुरचुरले. अकरा वाजता खाली गेले तेव्हा झेंडूच्या वाफ्यात मधमाश्या पडलेल्या होत्या. सहा. एक अजून पाय हलवत होती. झेंडू फुललेला होता, माश्यांची यायची वेळ होती, आणि मी नेमकं त्याच वेळी तिथे विष मारलं होतं. त्या सहा माश्या मी उचलून कागदावर ठेवल्या आणि बराच वेळ तिथेच बसून राहिले.

दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. त्यांना दमा आहे. सकाळपासून खिडक्या बंद करून बसल्या होत्या. आवाज चढवला नाही त्यांनी, "बाई, सांगायचंस तरी आधी," एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी पाऊस आला, औषध धुऊन गेलं. सोमवारी सकाळी चाळण झालेली झाडं चौदा होती.

त्यानंतर साहजिकच विषय कमिटीपुढे गेला. मीटिंग थेट पुढच्या रविवारी, २५ मेला. तोवर काहीही मारायचं नाही असं सेक्रेटरी साहेबांनी सांगितलं. तो आठवडा फार जड गेला. रोज सकाळी जायचं, आणखी दोन झाडं उघडी पडलेली बघायची आणि वर येऊन डबे भरायचे. नवी लालसर पालवी फुटली की दुसऱ्या दिवशी तिचे फक्त देठ उरत.

मीटिंगमध्ये पेस्ट कंट्रोलवाल्यांचं एक कोटेशन आलं, तीन फेऱ्यांचे ४,५०० रुपये आणि वर जीएसटी. झुरळं-वाळवीचं काम करणारी ती माणसं, झाडाला काय मारणार हे त्यांनाही नीट सांगता आलं नाही, म्हणून ते मागे पडलं. शेवटी ठराव झाला. फवारणीच्या ४८ तास आधी बोर्डावर सूचना लावायची, त्यात औषधाचं नाव आणि वेळ लिहायची, पिवळ्या-लाल त्रिकोणाचं काही आणायचं नाही, आणि पक्क्या बिलावर १,५०० रुपयांपर्यंत खर्च मंजूर. मला आधी हे जाचक वाटलं होतं. पण या अटींमुळेच पुढचं सगळं नीट झालं. तुमच्याही सोसायटीत सामाईक बाग असेल तर असा ठराव आधीच लिहून घ्या, नंतरची भांडणं वाचतात.

२६ मेला, सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत किसान कॉल सेंटरला फोन केला. नंबर १८००-१८०-१५५१, पैसे पडत नाहीत, सकाळी सहा ते रात्री दहा चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. शेतकऱ्यांसाठीची सोय आहे, त्यामुळे मला संकोच होता. जिल्हा, तालुका, पीक विचारलं. क्षेत्र किती या प्रश्नावर मी "एकतीस झाडं" म्हटलं. पलीकडचे गृहस्थ अजिबात हसले नाहीत. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. पानं कडेने खाल्लीत की मधून? झाडावर विष्ठा दिसते का? आणि रात्री कधी पाहिलंत का?

रात्री मी एकदाही पाहिलं नव्हतं. अकरा दिवसांत मला ते सुचलंच नव्हतं.

"आज साडेसातनंतर टॉर्च घेऊन जा, काय दिसतं ते बघा, मग औषधाचं बोलू," ते म्हणाले. आख्ख्या पाच महिन्यांत मिळालेला हा सर्वांत मोलाचा सल्ला, आणि तो फुकट होता.

त्या संध्याकाळी साडेसातला मी खाली गेले. नुकता अंधार पडला होता, माती ओली होती. पहिल्या गुलाबावर टॉर्च टाकला आणि अंगावर काटा आला. एकेका पानावर तीन-तीन, चार-चार किडे. हरभऱ्याएवढे, मातकट तपकिरी, अंगावर बारीक भुरकट लव. एकाच्या अगदी जवळ उजेड नेला. पानाच्या शिरेवर मागचे पाय घट्ट रोवून तो डोकं खाली-वर करत होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत शिरेलगतचा हिरवा तुकडा कमी कमी होत गेला. शिरेशी आला की थांबायचा, ती ओलांडायचा, पलीकडून पुन्हा सुरू. सकाळी दिसणारी जाळी अशी विणली जात होती. बोट लावलं मात्र, पाय पोटाशी घेऊन टपकन खाली पडला आणि मातीच्या रंगात दिसेनासा झाला.

तेवढ्यात तात्या फाटकातून आत आले. तात्या पहिल्या मजल्यावर राहतात, त्यांची निफाडकडे द्राक्षबाग आहे. माझ्या हातातला टॉर्च घेऊन त्यांनी एकदाच पाहिलं.

"ताई, हे भुंगेरे. आमच्या द्राक्षाच्या कोवळ्या पानावर पण येत्यात. दिवसा मातीत दडतात, दिवे लागणीला वर येतात. तुम्ही सकाळी शोधताय, ते रात्रीच जेवून मोकळे."

मी म्हटलं, मग आता कोणतं औषध?

"औषध राहू द्या. घरात जुनी छत्री आहे का?"

छत्री उघडून उलटी करायची, झाडाखाली धरायची आणि फांदीला एक झटका द्यायचा. भुंगेऱ्यांची सवयच अशी की धक्का लागला की पाय आवळून खाली पडायचं. ते छत्रीत पडतात. पडल्यावर थोडा वेळ मेल्यासारखे निपचित असतात, तेवढ्या वेळात बादलीत ओतायचे. बादलीत पाच लिटर पाणी आणि दोन चमचे कपडे धुण्याची पावडर. साध्या पाण्यावर ते तरंगत राहतात आणि काठावर चढून उडतात. साबणाच्या पाण्यात लगेच बुडतात. त्या रात्री सव्वानऊपर्यंत आम्ही १६४ भुंगेरे काढले. मी ते मोजले, कारण मला खाली आलंय की वर गेलंय हे कळायला काहीतरी हवं होतं.

तात्यांनी आणखी एक दाखवलं. कडुनिंबाच्या खालच्या फांद्यांवर याहून मोठे, बोटाच्या पेराएवढे काळपट तांबडे भुंगेरे लटकले होते. हे हुमणीचे. वळवाच्या नाही तर पहिल्या मोठ्या पावसाने माती भिजली की ते जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंब, बोर, बाभळीवर पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं आणि पहाटेआधी मादी पुन्हा मातीत जाऊन अंडी घालते. त्या अंड्यांतून निघणारी पांढरी अळी म्हणजे हुमणी, आणि ती मुळं खाते. आमच्या शेजारचा प्लॉट मोकळा, त्यात बाभळी माजलेल्या. आमच्या गुलाबांना भिंतीपलीकडून पाहुणे येत होते हे मला त्या रात्री कळलं.

त्यानंतर वीस-बावीस दिवस साडेसात ते नऊ हा माझा वेळ ठरून गेला. कुकर आधी लावायचा, मग खाली. वहीत नोंद आहे: २७ मे १९०, ३० मे १४१, ३ जून ११८, १० जून ३८, २० जून ११. जोराचा पाऊस असेल त्या रात्री भुंगेरे येत नाहीत, उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी दुप्पट येतात. चौथ्या दिवसापासून सोसायटीतली सहा पोरं मदतीला आली. सुट्ट्याच होत्या. हातमोजे घातल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही एवढा एक नियम ठेवला. मोजणी त्यांच्याकडे दिली आणि माझ्याहून चोख ठेवली त्यांनी.

३१ मेला प्रकाश सापळा लावला. नाव मोठं आहे, काम सोपं. पसरट टबात साबणाचं पाणी, त्यावर हातभर उंचीवर बल्ब. होल्डर, वायर आणि बल्ब मिळून १२० रुपये. तो पहिल्या रात्री मी गुलाबांच्या मधोमध लावला आणि सकाळी टबाशेजारचीच तीन झाडं जास्त खाल्लेली सापडली. उजेडाकडे आलेले सगळेच पाण्यात पडत नाहीत, वाटेत जे झाड दिसेल त्यावर बसतात. म्हणून सापळा झाडांपासून दहा-बारा फूट लांब हवा. साडेनऊला वॉचमनमामा तो बंद करत. रात्रभर चालू ठेवला तर उपयोगाचे किडे आणि पतंगही मरतात, आणि भुंगेऱ्यांची वर्दळ तशीही सुरुवातीच्या दोन तासांतच जास्त असते. पाऊस असेल तर लावूच नका. उघड्यावरची वायर आहे, प्लास्टिकची पिशवी बांधून भागत नाही.

५ जूनला पहिली रीतसर फवारणी. कडुनिंबाचं औषध, १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग) ॲझाडिरॅक्टिन, म्हणजे निंबातलं किडीला रोखणारं द्रव्य, सीलबंद बाटली, पक्कं बिल, २१० रुपये. दोन दिवस आधी बोर्डावर सूचना लावली. काकूंना वर जाऊन वेगळं सांगितलं, बाटली दाखवली, त्यांनी वास घेऊन पाहिला. लिटरला ५ मिली, आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून मग उरलेल्या पाण्यात. वेळ संध्याकाळी साडेपाचची, कारण उन्हात या औषधाचा जोर लवकर ओसरतो, आणि मधमाश्यांची वर्दळही तोवर कमी झालेली असते. पानाच्या खालच्या बाजूलाही मारायचं. याने भुंगेरे पटापट मरत नाहीत हे आधीच समजून घ्या. पान कडू झाल्याने ते खाणं टाळतात, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस पडला की पुन्हा मारावं लागतं. मी ५ जून, १३ जून, २२ जून आणि १ जुलै अशा चार वेळा मारलं. मधली एक फेरी हुकली, त्या दिवसांत पाऊस घराबाहेर पडू देत नव्हता, गोदेला पूर होता.

बाजारचं नको असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क घरी होतो: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम वाळलेल्या निंबोळ्यांची भरड, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, चिमूटभर साबण घालून, त्याच दिवशी वापरायचा. आमच्याच झाडाच्या निंबोळ्या जूनअखेर पडल्या. दोन किलो सावलीत वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवल्यात.

आता त्या अर्धगोल कापलेल्या पानांचं. ८ जूनला, रविवारी, साडेदहाच्या उन्हात मी झेंडूपाशी बसले होते. एक काळसर, ठेंगणी माशी गुलाबाच्या पानावर उतरली, कडेवर पाय ठेवून गोल फिरली आणि काही क्षणांत कात्रीने कापल्यासारखा तुकडा पोटाखाली धरून उडाली. मी तिच्या मागे गेले. भिंतीत कधीकाळी ठोकलेल्या खुंटीचं भोक होतं, त्यात ती शिरली. ती पानं कापून नेणारी मधमाशी. ती पान खात नाही, पिल्लांच्या घरट्याला अस्तर लावायला नेते. एकटी राहते, डंख मारायला धावत नाही, आणि फुलांचं परागीकरण करते. त्या दोन झाडांची मिळून वीसेक पानं गेली असतील, झाडाला त्याने काही झालं नाही. १८ मेला मी ज्यांना मारायला निघाले होते त्यांत तीही होती. त्या भोकाशेजारी आता पोरांनी खडूने "हात लावू नये" असं लिहून ठेवलंय.

२४ जूनला स्पायडर लिलीवर काळ्या अळ्या आल्या, अंगावर पांढरे ठिपके आणि नारिंगी डाग. या दिवसाही दिसतात, पानाच्या टोकाकडून झुंडीने खात जातात आणि दोन दिवसांत आख्खं पान फस्त करतात. हातमोजे घालून वेचल्या, चार दिवसांत संपल्या. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जुलै शांत गेला. भुंगेरे संपले, नवी पालवी टिकली, पहिल्यांदा मला पान पूर्ण उलगडलेलं दिसलं. मला वाटलं, झालं काम.

१६ ऑगस्टला, दहीहंडीच्या दिवशी, सतरा नंबरचा गुलाब मान टाकून उभा दिसला. पाऊस होता, माती ओली होती, तरी पानं पिवळी. माळीदादा आवणी उरकून आले होते. त्यांनी बुंध्याला धरून हलकंच ओढलं आणि आख्खं झाड हातात आलं. मुळं नव्हतीच. खालच्या मातीत अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या चार जाड पांढऱ्या अळ्या. मे-जूनमध्ये आमच्या हातून जे भुंगेरे सुटले, त्यांची ही पिल्लं. भुंगेरे गेले म्हणून मी निर्धास्त झाले होते, आणि खालून वेगळंच चालू होतं. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. सोळा आणि अठरा नंबरही पिवळसर वाटायला लागले, तेव्हा रात्री झोप लागली नाही.

दादांनी खताचा खड्डा उकरला तर तिथे तशाच अळ्या, चाळीसेक. मी घाबरून सगळं खत फेकून द्यायला निघाले होते. दादा म्हणाले, "थांबा ताई, आधी कुणाला तरी दाखवा."

१९ ऑगस्टला अर्धी रजा काढून दोन डब्यांत दोन्हीकडच्या अळ्या घेतल्या, झाकणाला भोकं पाडली, आणि गोवर्धनला मुक्त विद्यापीठाच्या आवारातल्या कृषी विज्ञान केंद्रात गेले. दाखवायला किडा, खाल्लेलं पान आणि मूठभर माती असं तिन्ही न्यावं, काम लवकर होतं. सल्ल्याला पैसे पडत नाहीत. तिथल्या ताईंनी वर्तमानपत्र पसरलं आणि दोन्ही डब्यांतली एकेक अळी त्यावर ठेवली.

झाडाखालची अळी कुशीवर वळवळत राहिली, पाय टेकवून कशीबशी सरकली. खतातली मात्र उताणी झाली आणि पाय वर करून पाठीवर चालू लागली, आणि चांगली वेगात चालली. "ही पाठीवर चालणारी कुजलेलं खाते, खत करायलाच मदत करते. हिला परत खड्ड्यात सोडा. दुसरी हुमणी, ही मुळं खाते." एवढा सोपा फरक, आणि मी चाळीस अळ्या आणि ट्रॉलीभर खत टाकून देणार होते. शेणखत पूर्ण कुजलेलंच घाला, कच्च्या शेणाकडे हुमणीचा भुंगेरा अंडी घालायला ओढला जातो, हेही त्यांनी बजावलं.

हुमणीवर त्यांनी मेटारायझियम सुचवलं. ही एक हिरवी बुरशी आहे, किड्याच्या अंगावर रुजून त्याला आतून संपवते, माणसाला आणि झाडाला अपाय करत नाही. किलोचं पाकीट २६० रुपयांना मिळालं. घेताना उत्पादनाची आणि मुदतीची तारीख बघा. जिवंत वस्तू आहे, जुनी झाली की नुसती पावडर उरते. दुकानात उन्हात ठेवलेलं पाकीट असेल तर घेऊ नका. २३ ऑगस्टला, शनिवारी संध्याकाळी, लिटरला १० ग्रॅम कालवून प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी अर्धा अर्धा लिटर ओतलं. आधी माती खुरप्याने मोकळी केली होती. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. माती ओली राहायला हवी आणि या काळात कोणतंही बुरशीनाशक त्या मातीत जाता कामा नये, नाही तर आपणच आपलं औषध मारतो. सप्टेंबरभर वाट बघण्याखेरीज हातात काही नव्हतं. सोळा नंबरचं झाडही गेलं. अठरा वाचलं. गणपतीत आरतीच्या ताटात बागेतली सात फुलं होती. एरवी परडीभर असतात, पण त्या सात फुलांकडे मी फार वेळ बघत होते.

खर्चाचं: सुटं औषध ४८०, पंप ६५०, बल्ब-वायर १२०, कडुनिंबाचं औषध २१०, मेटारायझियम २६०. एकूण १,७२० रुपये, पेट्रोल धरलेलं नाही. ४८० ला पक्कं बिल नव्हतं, ते कमिटीने दिले नाहीत आणि ते बरोबरच होतं. बाकीचे १,२४० व्हाउचर भरून, मूळ बिलं जोडून ५ ऑक्टोबरला मिळाले. बिलांच्या आधी मोबाइलवर प्रती काढून ठेवा. पावसाळ्यात खिशातलं बिल भिजलं की शाई उडते.

१२ ऑक्टोबरला, रविवारी, दादांनी गुलाबांची छाटणी केली. मी मागोमाग बुंध्याची माती हलवत होते. अठरा नंबरपाशी खुरप्याला काहीतरी टणक लागलं. मला वाटलं खडा. हातावर घेतलं तर हुमणी होती, तशीच अर्धचंद्राकार वळलेली, पण खडूसारखी कडक, आणि अंगभर शेवाळी हिरव्या पावडरीचा थर. बोटाला हिरवं लागलं. दादांनी ती माझ्या हातातून घेतली, बोटांनी चुरली आणि एकोणीस, वीस आणि एकवीस नंबरच्या बुंध्याशी चिमूट चिमूट टाकली.